पडद्यावरची राखण

आज मी ज्या विषयावर आपल्याशी चार शब्द बोलणार आहे, तो ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील. विषय आहे व्हिडिओ गेमचा. आणि त्यातही नेमबाजीच्या, गोळ्या झाडण्याच्या खेळांचा. "झालं! आधीच पोट्टे मोबाइल सोडत नाहीत, अन् आता रेडिओवाले बी त्याचंच गुणगान करून रायले," असे कुणी म्हणेल. पण मंडळी, थोडा धीर धरा. मला गुणगान करावयाचे नाही, आणि नुसते शिव्याशापही द्यावयाचे नाहीत. बैल विकत घेताना आपण आधी त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, आणि मग बरावाईट शेरा मारतो. या खेळांकडेही एकदा तसेच पाहावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

नेम धरण्याची हौस माणसाला आजची नाही. आपल्या वऱ्हाडात ज्वारी हुरड्यावर आली की वावरात मचाण उभे राहायचे आणि मचाणावर गोफण घेऊन राखणदार चढायचा. पाखरांचा थवा कणसांवर उतरला रे उतरला, की गोफणीचा दगड सूं करून सुटायचा. पोरे गलोलीने चिंचा पाडत, गल्लीत कंचे खेळत. तिथेही सारा मामला नेमाचाच. बहिरमच्या यात्रेसारखी मोठी यात्रा असो, की गावची लहानशी जत्रा असो, फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले एखादे दुकान असतेच. तिथे छऱ्याची बंदूक असते, आणि पोराचे निमित्त करून बापही ती एकदा खांद्याला लावून पाहतो. हाच नाद शिस्तीने जोपासला तर माणूस कुठवर जातो, तेही आपण पाहिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमधून रायफल नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आला.

पडद्यावरची नेमबाजी ही अर्थातच त्या खऱ्या नेमबाजीची सख्खी बहीण नव्हे. तिचे नाते आहे ते जत्रेतल्या फुग्याच्या दुकानाशी. फुग्यांच्या जागी उजेडाचे ठिपके आले, आणि छऱ्याच्या जागी बटण आले, इतकाच काय तो फरक.

हा प्रकार सुरू कसा झाला? १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याचे मित्र यांनी कपाटाएवढ्या मोठ्या संगणकावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ तयार केला. पडद्यावर दोन याने, मध्ये एक तारा, आणि दोघांनी एकमेकांवर गोळे सोडावयाचे. पण तो खेळ विद्वानांच्या प्रयोगशाळेतच राहिला. सामान्य माणसाच्या हाती हे खेळ आले ते पुढे काही वर्षांनी. आणि ज्या खेळाने सारे जग वेडे केले तो खेळ म्हणजे खरोखर आपल्या ज्वारीच्या राखणीचीच गोष्ट आहे.

त्या खेळाचे नाव 'स्पेस इन्व्हेडर्स'. टायटो नावाच्या कंपनीतल्या तोमोहिरो निशिकाडो या गृहस्थाने तो एकट्याने रचला, आणि १९७८ साली तो बाजारात आला. पडद्याच्या वरच्या अंगाला परग्रहावरच्या प्राण्यांचा थवा असतो. पाच ओळी, प्रत्येक ओळीत अकरा, म्हणजे एकूण पंचावन्न प्राणी. हा थवा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकतो, आणि काठाला टेकला की एक पायरी खाली उतरतो. खाली आपण एकटे, एका तोफेसह. आपल्याला फक्त डावीउजवीकडे सरकता येते आणि वर गोळा सोडता येतो. आडोशाला चार भिंती असतात. पण त्या शत्रूच्या माऱ्याने झिजतात, आणि आडून गोळी झाडली तर आपल्याच गोळ्यानेही झिजतात. थवा जमिनीला टेकला की खेळ संपला. आता सांगा, ही पाखरांपासून वावर राखण्याचीच गोष्ट आहे की नाही?

या खेळातल्या दोन गोष्टी मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. पहिली अशी की निशिकाडो यांनी समोर कोणाला उभे करावे याचा विचार केला, तेव्हा माणसांवर गोळ्या झाडणे बरे दिसणार नाही असे ठरले. म्हणून त्यांनी एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीतल्या मंगळावरच्या प्राण्यांची आठवण ठेवून खेकडा, अष्टपाद, माकूळ अशा समुद्रातल्या जिवांच्या आकाराची चित्रे काढली. म्हणजे नेमबाजीच्या या आद्य खेळाच्या पोटात, गोळी कोणावर झाडावी आणि कोणावर झाडू नये, हा विवेक होता.

दुसरी गोष्ट मोठी गमतीची आहे, आणि शिक्षक मित्रांनी ती वर्गात अवश्य सांगावी. प्राणी कमी होत जातात तसा उरलेल्या प्राण्यांचा वेग वाढत जातो. शेवटचा एकटा राहिलेला प्राणी तर नुसता पळत सुटतो. हे कसे होते? त्या यंत्राची अक्कल आजच्या मानाने फार तोकडी होती. पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलते, आणि प्रत्येक वेळी ते यंत्र एकाच प्राण्याला पुढे सरकवू शके. समजा, आपल्या घरी एकच गडी आहे आणि त्याला पंचावन्न पोती एकेक करून हातभर पुढे सरकवावयाची आहेत. सगळी रांग एकदा पुढे सरकायला त्याला वेळ लागणारच. पण पोती उरली दहा, तर फेरी लवकर आटोपते. आणि उरले एकच, तर ते पोते दर खेपेस पुढे जाते. तसेच इथे झाले. यंत्राच्या दुबळेपणातून वेग निर्माण झाला. निशिकाडो यांच्या ते ध्यानात आले, खेळाला त्याने रंगत येते हेही त्यांनी हेरले, आणि तो दोष त्यांनी दुरुस्त न करता तसाच ठेवला. सोबत चार सुरांचा धप्-धप् असा आवाज होता. तोही प्राण्यांबरोबर वेग घेई, आणि खेळणाऱ्याच्या छातीचे ठोके वाढवी.

या खेळात कोणी कधी जिंकत नाही, बरं का. एक थवा संपवला की दुसरा येतो, आणि तो आधीच्यापेक्षा खालून सुरू होतो. राखणदार केव्हा ना केव्हा हरणारच. प्रश्न एवढाच, की तो किती वेळ टिकतो.

हीच गोष्ट १९८० सालच्या 'मिसाइल कमांड' या खेळात फार गंभीर रूपाने येते. तो काळ अमेरिका आणि रशिया यांच्या शीतयुद्धाचा. अटारी कंपनीच्या डेव्ह थ्युरर याने हा खेळ रचला. खाली सहा शहरे असतात आणि तीन ठाणी असतात. वरून क्षेपणास्त्रांच्या रेघा उतरत येतात. आपल्याजवळ प्रत्येक ठाण्यात दहाच गोळे. शत्रूच्या गावावर हल्ला करण्याची सोयच या खेळात नाही. जे करावयाचे ते आपली शहरे वाचवण्यासाठी. आणि सगळी शहरे पडली म्हणजे पडद्यावर 'खेळ संपला' असे येत नाही. तिथे नुसते 'शेवट' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द येतात. हा खेळ करता करता स्वतः थ्युररला अणुयुद्धाची भयंकर स्वप्ने पडू लागली होती. रुपयाच्या नाण्यावर चालणाऱ्या खेळातून, युद्धात जिंकणारा कोणी नसतो ही गोष्ट तरुण पोरांच्या मनावर ठसली असेल, तर तिला क्षुल्लक म्हणता येणार नाही.

१९८१ साली नामको या जपानी कंपनीचा 'गॅलागा' आला. मला विचाराल तर या साऱ्या मंडळींत माझा सर्वांत आवडता खेळ हाच. इथे शत्रू किड्यांच्या आकाराचे आहेत. ते गिरक्या घेत, सूर मारीत खाली येतात. त्यांच्यातला नायक मध्येच एक किरण सोडतो आणि आपले विमान ओढून वर नेतो. आता आपल्यापुढे पेच पडतो. शिल्लक विमान असेल तर त्याच्या साहाय्याने त्या नायकाला तो खाली सूर मारीत असताना टिपावे. मग कैदेतले विमान सुटून आपल्या शेजारी येऊन उभे राहते, आणि पुढे दोन्ही विमाने जोडीने लढतात. पण घाईत नेम चुकला आणि गोळी आपल्याच कैदी विमानाला लागली, तर ते कायमचे गेले. आणि सुटून आलेली जोडी दुप्पट मारा करते खरी, पण दुप्पट रुंद झाल्यामुळे शत्रूलाही ती सापडते. लोभ किती धरावा, धोका किती पत्करावा, याचा हिशेब पोराला अर्ध्या क्षणात करावा लागतो. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात ग्रीन आणि बॅव्हेलिअर या दोघांनी प्रयोग करून २००३ साली असे दाखवले, की वेगवान मारधाडीचे खेळ खेळणाऱ्यांची नजर एका वेळी अधिक गोष्टी टिपू शकते. तेव्हा डोळा आणि अवधान यांना या खेळांनी काहीच मिळत नाही, असे म्हणणे बरोबर नाही. मात्र त्यामुळे पोरगा गणितात हुशार होईल, असाही अर्थ कुणी काढू नये.

आपल्याकडे हे खेळ दोन वाटांनी आले. एक वाट व्हिडिओ गेम पार्लरची. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जिल्ह्याच्या शहरांतून अशी दुकाने निघाली. अंधारी खोली, ओळीने उभी असलेली कपाटासारखी यंत्रे, एकेका यंत्राभोवती सात-आठ पोरांचा घोळका. एक खेळणार, बाकीचे पाहणार, आणि पाहणारे खेळणाऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडणार. नाणे टाकले की खेळ सुरू. तोफा संपल्या की बाजूला व्हावे लागे, कारण पाठीमागे दुसरा हातात नाणे घेऊन उभा असे. खिशात दोन नाणी असतील तर दोन डाव. तिसऱ्याची गोष्टच नको.

या दुकानांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोरे शाळा बुडवीत, घरातून सुटे पैसे उचलीत, आणि काही ठिकाणी खेळाच्या नावाखाली जुगाराची यंत्रेही चालत. म्हणूनच सरकारला परवान्याचे नियम करावे लागले. कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निकाल दिला, की अशा दुकानांवर परवान्याचे बंधन घालणे योग्य आहे. कौशल्याचा खेळ कोणता आणि नशिबाचा कोणता, या प्रश्नाची चर्चा त्या निकालात आहे. ज्या खेळात हात आणि डोळा चालतो तो एक, आणि ज्यात नुसते नशीब चालते तो दुसरा. हा फरक आईबापांनीही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

दुसरी वाट घरची. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली टीव्हीला जोडावयाचे एक यंत्र काढले. त्या यंत्राच्या हुबेहूब नकला पुढे जगभर निघाल्या, आणि नव्वदच्या दशकात त्या आपल्या बाजारातही आल्या. सामुराई, मीडिया ही नावे त्या वेळच्या मुलांना अजून आठवत असतील. लोक त्याला 'टीव्ही गेम' म्हणत. यंत्रात खेळाची कॅसेट खोचावयाची. चालली नाही तर काढून तिच्यात जोराने फुंकर मारावयाची, आणि पुन्हा खोचावयाची. एका घरी हे यंत्र आले, की आळीतली सगळी पोरे तिथे गोळा होत.

या घरच्या खेळांत तीन खेळ नेमबाजीचे, आणि तिन्ही आपल्या मुलांचे अतिशय लाडके.

पहिला 'बॅटल सिटी', नामकोचाच, १९८५ सालचा. मुले त्याला नुसते 'टँक' म्हणत. पडद्याच्या तळाशी विटांच्या कुंपणात एक गरुड बसलेला असतो. तो आपले ठाणे. शत्रूचे वीस रणगाडे वरून येतात आणि आपण आपल्या रणगाड्याने त्या गरुडाची राखण करावयाची. दोघांनी मिळून खेळता येते, आणि खरी मजा तेव्हाच. एकाने पुढे जावे, दुसऱ्याने ठाण्यापाशी थांबावे, अशी वाटणी करावी लागते. दोघेही शूरपणा करायला पुढे धावले तर मागे गरुड गेलाच म्हणून समजा. आणखी एक गंमत म्हणजे गरुडाला आपलाच गोळा लागला तरी डाव संपतो. कितीतरी भावाभावांची भांडणे या एका गोळ्यावरून झाली असतील! या खेळात भिंती, पाणी, झाडी मांडून आपला स्वतःचा नकाशा तयार करण्याचीही सोय होती. मुले तासन् तास नकाशेच रचीत बसत.

दुसरा 'डक हंट', म्हणजे बदकांची शिकार, १९८४ सालचा. यात हातात प्लॅस्टिकची बंदूक असते आणि टीव्हीवर उडणाऱ्या बदकांवर ती रोखावयाची. नेम चुकला की गवतातून एक कुत्रा डोके वर काढतो आणि फिदीफिदी हसतो. त्या कुत्र्याचा राग आला नाही असा मुलगा मिळणे कठीण. ही बंदूक काम कशी करते, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी सांगण्याजोगे आहे. बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. उलट तिच्या नळीत उजेड ओळखणारा एक डोळा असतो. चाप ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो, आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या डोळ्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर नेम बरोबर. कुणी लबाडी करून बंदूक दिव्याकडे रोखली, तर तिला काळोख दिसतच नाही आणि लबाडी पकडली जाते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र तत्काळ उमटत असे, म्हणून हे जमे. आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, म्हणून ती जुनी बंदूक तिथे आंधळी ठरते.

तिसरा 'कॉन्ट्रा'. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ साली यंत्रावर आला आणि पुढच्या वर्षी घरच्या टीव्हीवर. दोन शिपाई जंगलातून, धबधब्यावरून, बर्फातून पुढे जातात. एक गोळी लागली की एक जीव गेला, आणि जीव फक्त तीन. फारच अवघड काम! पण सुरुवातीच्या चित्रावर बटणे एका ठरावीक क्रमाने दाबली, वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, आणि मग बी आणि ए, तर तीनाचे तीस जीव होत. हा क्रम काझुहिसा हाशिमोतो नावाच्या कारागिराने आधीच्या एका खेळासाठी घालून ठेवला होता. कारण तो खेळ त्याला स्वतःलाच तपासताना कठीण जात होता. कुठल्याही पुस्तकाविना हा मंत्र गावोगावच्या पोरांना तोंडपाठ झाला, तो केवळ एकाने दुसऱ्याला सांगून. आणि कॉन्ट्राचा धबधबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. तिथे वर चढत जावयाचे असते. एक गडी भराभर वर चढला, की पडदाही त्याच्याबरोबर वर सरकतो, आणि मागे राहिलेला सोबती खाली पडून मरतो. "थांब ना बे, मी मेलो ना!" ही आरोळी त्या काळी घरोघर उठे. सोबत्यासाठी थांबावे लागते, हा धडा त्या धबधब्याने जितका चोख शिकवला तितका एखाद्या सुभाषितानेही शिकवला नसेल.

आणि या सगळ्यांवर आपल्याकडे आणखी एक पंच बसलेला होता, तो म्हणजे भारनियमन. खेळ कितीही रंगात आलेला असो, वीज गेली की सगळे गेले. तिथवरची मजल साठवून ठेवण्याची सोय त्या कॅसेटीत नव्हती. मुले हळहळत, आणि मग बाहेर अंगणात विटीदांडू खेळायला जात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या साऱ्या जुन्या खेळांत तीन गोष्टी सारख्या दिसतात. एक राखण, दुसरी पाळी, आणि तिसरी शेवट.

राखण म्हणजे काय? गोळी झाडावयाची ती कशासाठी तरी. शहर वाचवावयाचे, गरुड वाचवावयाचा, कैदेतला सोबती सोडवावयाचा. पाळी म्हणजे काय? आपला डाव झाला की दुसऱ्याचा. आपण खेळताना चार जण पाहणार, आणि ते खेळताना आपण पाहणार. आणि शेवट म्हणजे काय? नाणे संपले, जीव संपले, वीज गेली, की खेळ संपला. खेळ आपल्या पायाने आपल्यापासून दूर जात असे. पोराला उठवायला आईला ओरडावे लागले तरी यंत्र आईच्या बाजूने होते.

आजचे काय? एका शाळेतल्या गुरुजींना एक कास्तकार म्हणाला, "गुरुजी, पोट्टं रात्रंदिवस मोबाइलात ठोय-ठोय करून रायलं. काहून असं होते? आमी बी लहानपणी टँक खेळलो, पण असं नाही झालं." गुरुजी म्हणाले, "भाऊ, तुमचा टँक संपत होता. याचा संपतच नाही." गुरुजींनी नेमके दुखण्यावर बोट ठेवले.

मोबाइलवरच्या नेमबाजीत एकेक डाव संपतो, पण खेळ संपत नाही. एक डाव सरला की दुसऱ्याचे बटण तयार. रोज हजेरी लावली तर बक्षीस, चार दिवस गेला नाहीत तर आठवण करून देणारी घंटी, बंदुकीला नवा रंग हवा तर पैसे. पाठीमागे नाणे घेऊन उभा असलेला दुसरा मुलगा तिथे नाही. पाहणारा घोळका नाही. सोबती असतो, पण तो कानातल्या आवाजापुरता. २०२० सालच्या सप्टेंबरात केंद्र सरकारने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली. पुढच्या वर्षी जुलैत तसाच खेळ दुसऱ्या नावाने परत आला. नुसत्या बंदीने हा प्रश्न सुटत नाही, हे यावरून दिसते.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. बंदुकीचा खेळ खेळला म्हणजे पोरगा बिघडलाच, असे मानण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी २०२२ च्या जानेवारीपासून अमलात आहे. पण त्या आजाराची खूण किती तास खेळला ही नव्हे. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व कामांपेक्षा खेळालाच अधिक महत्त्व येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, अशा तीन खुणा सांगितल्या आहेत. आणि साधारणपणे वर्षभर हे चालले तर त्याला आजार म्हणावे, असे म्हटले आहे. झोप उडाली, जेवण सुटले, शाळा सुटली, सोबती सुटले, आणि असे महिनोन् महिने चालले, तर मुलाला मारझोड न करता डॉक्टरांकडे न्यावे. लाज वाटून घेऊ नये. ताप आला तर आपण लाजतो का?

बाकीच्यांसाठी मात्र घरचाच उपाय आहे. मुलगा जो खेळ खेळतो तो एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा. "हा कोण? हा कशाला पळतो? तू कोणाला वाचवतोस?" असे विचारा. मुलांना समजावून सांगायला आवडते. मग मनात तीन प्रश्न विचारा. या खेळात काही राखावयाचे आहे, की नुसते मारावयाचे आहे? यात पाळी आहे का? आणि याला शेवट आहे का? राखण नसेल तर दुसरा खेळ सुचवा. पाळी नसेल तर पाळी लावा. एक डाव त्याचा, एक बहिणीचा, आणि एक तुमचासुद्धा. बाप हरला की घरात जो हशा पिकतो तो कुठल्याही बक्षिसाहून मोठा. आणि शेवट नसेल, तर तो आपण ठरवा. दोन डाव म्हणजे दोन डाव, जणू खिशात दोनच नाणी आहेत. हा नियम डाव सुरू होण्यापूर्वी सांगावा, मध्येच नव्हे. चालू डावात हातातून मोबाइल हिसकावून घेणे म्हणजे ऐन रंगात आलेल्या विटीदांडूतून मुलाला कान धरून ओढून नेण्यासारखे आहे. त्याने राग तेवढा वाढतो.

शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. त्यांना विजेची गरज नाही, मोबाइलचीही नाही. 'स्पेस इन्व्हेडर्स'मधला खेकड्यासारखा प्राणी अकरा चौकटी रुंद आणि आठ चौकटी उंच अशा जागेत बसवलेला आहे. मुलांना चौकटीचा कागद द्या आणि त्यात अकरा गुणिले आठ, म्हणजे अठ्ठ्याऐंशी चौकटींत, काही काळ्या व काही पांढऱ्या ठेवून आपापला प्राणी काढायला सांगा. डावी बाजू उजवीसारखी असावी एवढीच अट घाला. सममिती कशाला म्हणतात ते वेगळे सांगावे लागणार नाही, आणि पडद्यावरचे चित्र हे असल्याच ठिपक्यांचे असते, हेही आपोआप कळेल. दुसरी गोष्ट एक गणित आहे. पाच ओळींपैकी खालच्या दोन ओळींतल्या प्रत्येक प्राण्याला दहा गुण, मधल्या दोन ओळींत वीस, आणि सर्वांत वरच्या ओळीत तीस. प्रत्येक ओळीत अकरा प्राणी. सगळा थवा टिपला तर गुण किती? उत्तर ९९० येते. पुस्तकातल्या आंब्यांच्या हिशेबाला जांभया देणारा मागच्या बाकावरचा मुलगा या हिशेबाला सर्वांच्या आधी हात वर करील. आणि एकदा त्याने हात वर केला, की गुरुजींचे अर्धे काम झाले.

आपला हा प्रदेश खेळाची कदर करणारा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले, ते शरीर आणि मन यांना वळण लावण्यासाठी खेळ हवा, या विचारानेच. खेळ मैदानावरचा असो की पडद्यावरचा, त्याची खरी परीक्षा डाव संपल्यावर होते. डाव संपल्यावर मुलगा हसत उठला, सोबत्याला टाळी दिली आणि आपल्या कामाला लागला, तर तो खेळ चांगला. उठताच आले नाही, तर त्याला उठायला मदत करणे हे आपले, वडीलधाऱ्यांचे काम. पूर्वी हे काम यंत्रे करीत. आता ते आपल्याकडे आले आहे, आणि ते आपण ओरडून नव्हे, तर शेजारी बसून करावे, एवढीच आपणा सर्वांना विनंती.